दोनशे अकरा नंबरची टेप

पहिली थप्पड बसली तेव्हा इसाकच्या हातात चहाचा पेला होता. पेला भिंतीवर फुटला आणि दुसऱ्या थपडेला इसाक स्वतःच भिंतीवर गेला.

"त्या पोरीची टेप कोन्ती बे?" अमरसिंहानं विचारलं.

पाली गावाच्या रस्त्यावरच्या विद्यापीठाच्या उपकेंद्रात भर दुपारी हे चाललं होतं. बाकीचे जेवायला गेले होते. संशोधकांची वर्षानुवर्षांची माहिती संगणकात मावत नाही, म्हणून ती इथं टेपांवर उतरवून ठेवत. तळहाताएवढी काळी डबी, आत जवळपास किलोमीटरभर फीत. अशा चारशे डब्या सांभाळता सांभाळता इसाकची एकवीस वर्षं गेली होती. थंड खोलीत बसून माणूसही थंड झालाय, अशी लोक त्याची चेष्टा करत.

रुचिका नावाच्या संशोधक मुलीनं डोंगराकडच्या एका खाणीतल्या सुरुंगांचे हादरे दोन वर्षं यंत्रावर मोजले होते. त्याच हादऱ्यांनी शाळेची भिंत पडली आणि दोन पोरी गेल्या, असं तिचं म्हणणं. सोमवारी कोर्टात तारीख होती. अमरसिंह त्या खाणमालकाचा माणूस. आदल्या दिवशी त्यानं रुचिकाचा लॅपटॉप गाडीतून पळवला, पण मूळ नोंद इथल्या टेपवर होती. प्रत्येक टेपची प्रत एकच. दुसऱ्या प्रतीची मंजुरी कधी आलीच नाही.

अमरसिंह आणि त्याचा साथीदार अक्कल मात्र गहाण टाकून आले होते. आल्या आल्या सळईनं त्यांनी संगणक फोडला. टेपांवर नुसते आकडे, आणि कुठली कुणाची ही यादी त्या फुटलेल्या संगणकात. आता ती फक्त इसाकच्या डोक्यात उरली होती, म्हणून ते डोकं अजून शाबूत होतं.

"समदंच पेटवून देऊ की," सोमेश्वर म्हणाला. हाच तो साथीदार, एके काळी संगणकदुरुस्तीचं दुकान चालवायचा.

"चारशे डब्यांचा धूर निघाला तर आख्खी पाली गोळा हुईल," अमरसिंह म्हणाला. "तू सांग रे म्हाताऱ्या. न्हाईतर मग पेटवूच."

इसाकनं खालच्या फळीवरची एक डबी पुढं केली. सोमेश्वरनं ती उलटसुलट करून पाहिली.

"कोरी हाय ही. आकडा कुठं हाय हिच्यावर?"

अमरसिंहानं इसाकचा उजवा हात टेबलावर दाबला आणि करंगळीवर सळई हाणली. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. मग शेजारचं बोट. इसाक गुरासारखा ओरडला.

"अजून आठ हायेत," अमरसिंह शांतपणे म्हणाला.

इसाकनं मांडणीकडं पाहिलं. चौऱ्याण्णव नंबरात ज्वारीच्या वाणांची बारा वर्षं होती. एकशे चाळीसपायी एका पोरानं लग्न लांबवलं होतं. तीनशे सहा रुचिकाची. कुणाच्या घरावर नांगर फिरवायचा? इतक्या वर्षांत जी मागायला कुणीच आलं नव्हतं, अशी एकच डबी होती.

"दोनशे अकरा," तो म्हणाला.

दोनशे अकरामध्ये कमरजहाँ होती, त्याची बायको. नऊ वर्षांपूर्वी एक प्राध्यापक बाई बायकांची दखनी गाणी गोळा करत आल्या होत्या. कमरजहाँ जात्यावर बसून दुपारभर गायली. मधेच तिनं इसाकला झापलं, "अजी, पंखा बंद करो, आटा उडरा." पुढच्याच वर्षी ती वारली. बाई परदेशी गेल्या. ज्याची टेप त्याच्या सहीशिवाय ती बाहेर काढायची नाही, हा नियम. याच नियमावर इसाकनं शंभर जणांना परत पाठवलं होतं, मग स्वतःसाठी कसा मोडणार? बाईंना सहीसाठी पत्र लिहू, असं तो दरवर्षी ठरवायचा आणि लाजून राहायचा. वेडा माणूस!

अमरसिंहानं बुटाच्या टाचेखाली डबी फोडली. फीत ओढून ओढून काढली, अंगणात ढीग केला आणि पेटवला. दारात बसून इसाक ढसाढसा रडला. तुटलेल्या बोटांना नव्हतं आलं तेवढं रडू त्याला आता आलं.

"हीच हाय," सोमेश्वर म्हणाला. "बघ कसा रडायलाय."

जाता जाता अमरसिंहानं इसाकच्या बरगडीत एक लाथ घातली.

सोमवारी संध्याकाळी रुचिका दवाखान्यात आली. "चाचा, तीनशे सहा सुखरूप आहे. कोर्टानं ताब्यात घेतली." मग तिनं विचारलं, "त्यांनी जाळली ती कुणाची होती?"

"लई जुनी होती, ताई. कुनी मागत नव्हतं."

त्याच्या डाव्या मुठीत ढिगातून वाचलेली हातभर फीत होती, एका टोकाला जळालेली.

"द्या इकडे, टाकते कचऱ्यात."

"ऱ्हाऊ द्या."

ती गेल्यावर त्यानं उजव्या हाताच्या प्लास्टरवर ती फीत गुंडाळायला घेतली. डाव्या हातानं, हळूहळू, कुठं मुरड पडू नये अशी.