रिकाम्या खोलीतला निळा दिवा

सोमवारी संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, की यापुढे आपली सगळी गाणी एका पेटीत राहतील आणि हव्या त्या खोलीत ऐकू येतील.

बायको म्हणाली, "मला एकाच खोलीत ऐकू आलं तरी पुरे. फक्त रविवारच्या आत."

रविवारी तिच्या गाण्याच्या बाईंच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता आणि बाईंनीच बांधलेलं एक गाणं बायकोच्या वाट्याला आलं होतं. बाईंनी ते कधी कागदावर उतरवलं नाही. होतं ते फक्त सतरा नंबरच्या कॅसेटवर, वीस वर्षांपूर्वीच्या शिकवणीत. अशा चाळीस कॅसेट मी दोन महिने खपून कॉम्प्युटरवर घेतल्या, तिथून त्या काळ्या पेटीत हलवल्या आणि जागा मोकळी व्हावी म्हणून कॉम्प्युटरवरून पुसल्या. कॅसेट आणि टेपरेकॉर्डर त्याआधीच भंगारवाल्याला गेले होते. परतीचे दोर कापले की माणूस जिद्दीने लढतो म्हणतात. माझी लढाई कुणाशी आहे, एवढंच मला कळत नव्हतं.

पेटी सुरू झाली की आधी स्वतःची डिस्क तपासते, मग आतल्या गाण्यांची यादी करते, आणि यादी पुरी होईपर्यंत एक सूर काढत नाही. वीस तास लागतील, असं तिने नम्रपणे कळवलं. मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा शहात्तर टक्के झाले होते. संध्याकाळी सातला येऊन बघतो, तर चार.

"सकाळी शहात्तर म्हणालात ना?" बायकोने विचारलं.

"होते. उतरले."

"ताप आहे का तो?"

मी साडूला फोन लावला. त्याच्याकडे असलीच पेटी आहे, हे त्याने मला आजवर नऊ वेळा सांगितलं आहे.

"आमचं तर अर्ध्या तासात झालं होतं, साडूभाऊ. राउटर बदला."

राउटर बदलला. बुधवारी सकाळी अठ्ठ्याहत्तर, संध्याकाळी पाच. कंपनीच्या मदतकेंद्रातल्या मुलीने विचारलं, "सर, पेटी एकदा बंद करून पुन्हा चालू केलीत का?" मी म्हटलं, "बाई, मला वाटतं ती स्वतःच करतेय." शेवटी डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटर म्हणाला, ही डिस्क मला वाचता येत नाही, पुसून टाकू का? मी ती ज्या वेगाने उपटली, त्या वेगाने मी लग्नानंतर काहीच केलेलं नाही.

आतल्या खोलीत बायको आठवणीवर गात होती. दर वेळी दुसऱ्या ओळीपाशी येऊन थांबायची.

"इथे बाई काहीतरी करायच्या."

"काय करायच्या?"

"ते आठवत असतं, तर तुमच्या पेटीच्या तोंडाकडे बघत बसले असते का?" मग जरा वेळाने म्हणाली, "टेपरेकॉर्डर तरी ठेवायचात." आदळआपट केली असती तर परवडलं असतं.

गुरुवारी मी रजा टाकली. बायको शाळेत शिकवायला गेली. मी सोफ्यामागे जमिनीवर बसून एकेक वायर तपासायला लागलो. डिस्क परत बसवल्यापासून पासष्ट टक्के झाले होते. दहाच्या ठोक्याला माझे वडील खोलीत आले. बाबांची चौतीस वर्षं वीज कार्यालयात गेली. निवृत्त ते झाले, त्यांचं बोट झालं नाही. त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं, दिव्याचं केलं आणि मग वाकून पेटीचं. टक्.

"बाबा!"

ते दचकले. "तू आहेस होय? मग असू दे." आणि त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. पेटी शून्यावर आली.

"रोज बंद करता?"

"तुम्ही गेलात की. रिकाम्या खोलीत निळा दिवा जळतोय. कुणासाठी?"

"आणि संध्याकाळी?"

"सहाला लावून ठेवतो. तुम्ही दमून येता, गैरसोय नको."

"बाबा, ती कायम चालू ठेवायची असते."

"फ्रीज आहे का?"

"तसंच समजा."

"फ्रीजमध्ये दूध असतं."

"यात तुमच्या सुनेची गाणी आहेत."

"दिवसा ऐकतंय कोण?"

मी पेटी उचलली, बाबांच्या खोलीत नेली आणि लांब वायर ओढून जोडली. "तुम्ही इथे आहात तोवर ही खोली रिकामी नाही. बरोबर?"

त्यांनी विचार केला. नियमात बसत होतं.

पाचला ते फिरायला निघाले आणि हात सवयीने बटणाकडे गेला. "मी बसतो इथे," मी घाईने म्हटलं.

"बसून काय करणार?"

"काही नाही."

"बैस मग."

पाऊण तास मी त्यांच्या खाटेवर बसून राहिलो. तेवढ्यात साडूचा फोन आला. "किती उपकरणं जोडलीत?"

"तीन," मी म्हटलं. "पेटी, राउटर आणि मी."

शुक्रवारी सकाळी यादी पुरी झाली. शाळेत निघण्याआधी बायको खाटेच्या कडेवर टेकली आणि मी सतरा नंबर लावला. बाईंचा आवाज खणखणीत आला: "कान घरी ठेवून आलीस का? पुन्हा." मग गाणं. दुसऱ्या ओळीपाशी बाई थांबल्या, चांगला मोठा श्वास घेण्याइतक्या, आणि पुढे गेल्या.

बायकोने तेवढाच भाग चार वेळा ऐकला.

"काही करायच्या नाहीत," ती म्हणाली. "थांबायच्या."

"म्हणजे तू बरोबरच थांबत होतीस."

"तुम्ही नका बोलू."

पण ती गुणगुणत उठली, थांबायच्या जागी थांबली आणि पहिल्यांदाच पुढे गेली. "अजून दहादा तरी ऐकायला हवं," चपला घालताना म्हणाली. "आज आल्यावर. उद्याही."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या ऑफिसच्या बॅगेकडे, मग निळ्या दिव्याकडे. पेपर उघडून ते खाटेवर बसले.

"रविवारपर्यंत मी बसतो. सोमवारी बंद." मी दारात पोचलो तसा मागून आवाज आला, "आणि फिरणं मी सोडणार नाही. पाचला येऊन बैस."

ऑफिसात पोचल्यावर मी दुपारनंतरच्या रजेचा अर्ज लिहिला. कारण: घरी बसणे.