कार्नबर्नीच्या भिंतीतला कान

भिंतीलाही कान असतात, असं तुम्ही मोठ्यांकडून ऐकलं असेल. मित्रांनो, तो कान मीच. स्कॉटलंडमधल्या कार्नबर्नीच्या गढीत, चार हात जाड भिंतीतून वर गेलेलं मी एक जुनं, अरुंद भोक आहे. माझं एक तोंड खालच्या दिवाणखान्यात, शेकोटीच्या काळवंडलेल्या दगडांआड. दुसरं बत्तीस पायऱ्या वर, जहागीरदारांच्या खुर्चीपाशी. खालचं बोलणं वर कळावं, म्हणून गवंड्याने मला मुद्दाम राखलं होतं.

पाहुण्यांची खलबतं, नोकरांची कुरकुर, सगळं मी इमानाने वर पोचवत असे. जहागीरदार गिल्बर्ट मला आपला सर्वांत विश्वासू चाकर म्हणत, आणि मी फुशारून जाई. आज ते आठवलं की लाज वाटते.

मला खरा आनंद रविवारी मिळे. चुना मळणारा म्हातारा निनियन दिवाणखान्यात उभा राहून स्तोत्राची एक ओळ गाई, आणि सगळं घर ती ओळ उचलून धरी. दगडादगडाला पाझर फुटावा असा त्याचा गळा. श्रवण ही पहिली भक्ती. मला ती बसल्या जागी घडे. जहागीरदार मात्र तेवढ्या वेळापुरतं माझ्या वरच्या तोंडात लाकडी बूच ठोकत. स्तोत्रातून त्यांच्या हाती काही लागत नसे.

एका नोव्हेंबरात त्यांच्या लेकीचं लग्न ठरलं. वऱ्हाडाला दुरून दिसावा म्हणून भिंतीच्या कोपऱ्यावर, बाहेर झुकलेला एक छोटा बुरूज त्यांनी घाईने चढवला. कडाक्याच्या थंडीत चुना धरत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

त्या संध्याकाळी नोकर ओटची भाकरी आणि खारवलेले मासे खात बसले होते. स्वयंपाकीण एफीने निनियनला डिवचलं, "काय निनियनबाबा, बुरूज टिकेल ना लग्नापर्यंत?"

"टिकेल की," निनियन म्हणाला. "सरकारांना मिरवायची एवढी घाई, की नवरीच्या आधी बुरूजच खाली उतरेल."

खाली हशा पिकला. वर जहागीरदारांचा चेहरा लाल झाला आणि बूच धाडकन आत बसलं.

निनियनचं पुढचं बोलणं माझ्या गळ्यातच अडकलं. तो म्हणत होता, "हसू नका गं. उद्या सकाळी सरकारांच्या पाया पडतो. वसंतापर्यंत कुणाला वर चढू देऊ नका म्हणतो. अन्न खाल्लंय त्यांचं."

सकाळी त्याला पायरीही चढू दिली नाही. गाठोडं देऊन वेशीबाहेर घालवलं. त्या रविवारी दिवाणखान्यात कुणी गायलं नाही.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाडाची वाट पाहायला पहारेकरी डँड बुरुजात उभा राहिला, आणि बुरूज ढासळला. डँड वाचला, पण त्याचा पाय गेला. मग एफीने जहागीरदारांना निनियनचं उरलेलं बोलणं सांगितलं.

जहागीरदार स्वतः चालत निनियनच्या झोपडीवर गेले, त्या संध्याकाळचं सगळं त्यालाच विचारलं आणि त्याला घेऊन आले. परतल्यावर, 'या भोकाने मला अर्धंच ऐकवलं' म्हणत त्यांनी मला दगडाने बुजवायचा हुकूम सोडला. निनियनने गवंड्याचा हात धरला.

"भोकाचा काय दोष, सरकार? ते पुरतं ऐकत होतं. खाली यायचं तुम्हीच टाळलंत."

जहागीरदारांनी गवंड्याला परत पाठवलं. मी वाचलो. पण ज्याचं अन्न मी तोडलं, त्यानेच माझी बाजू घ्यावी! शिक्षा परवडली असती मित्रांनो, ही माया सोसवत नाही.

आता गढी ओसाड आहे. पाहायला येणारे माझ्यात डोकावून कौतुक करतात. तुम्ही कौतुक करू नका. कुणाविषयी अर्धं काही कानावर आलं, तर पायऱ्या उतरून त्यालाच विचारा. माझ्या धन्याने विचारलं, पण तोवर डँड कुबडीवर आला होता.