क्लच कुठं धरतो

भावाच्या गाडीत मी पहिल्यांदा स्टिअरिंगवर बसले ते रागानं. पाठीच्या ऑपरेशननंतर त्याच्या डाव्या तळपायाची जाणीव गेली. पाय हलतो, जोरही लागतो, पण तळव्याखाली खडा आहे की गादी, ते त्याला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, जमलं तर चालवा, नाहीतर ऑटोमॅटिक घ्या. भावजयीनं 'जमलं तर' तेवढं गाळलं आणि गिऱ्हाईक शोधलं. भाऊ गप्प. गप्प बसलेल्या माणसाची सगळे परस्पर विल्हेवाट लावतात, आणि वर त्याला काळजी म्हणतात.

मी म्हटलं, विकायच्या आधी मला एकदा चालवून बघू दे. मी शहरातली बस चालवते. ही तर बुटकी, लाल, जमिनीला पोट टेकेल अशी गाडी. तिच्यात असं काय आहे की हा लग्नाच्या अल्बमपेक्षा तिचे फोटो जास्त जपतो, तेही मला बघायचं होतं.

सुट्टीमुळे मंडईमागचं पार्किंग ओस पडलं होतं. भाऊ शेजारी बसला, काठी गुडघ्यांत धरून.

माझ्या बसचा क्लच आळशी. पाय तळापासून जरा उचलला की धरतो. इथं पेडल दाबताना भिंत ढकलल्यासारखं वाटलं. बसच्या सवयीनं मी तळाशीच पाय रेंगाळत ठेवला. काही नाही. आणखी सोडला, तरी काही नाही. आणि पार वर, बोटभर जागेत, क्लचनं एकदम धरलं. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. परत तेच.

"ताई, बसमधले लोक तिकीट काढून अशा उड्या मारतात?" भाऊ म्हणाला आणि हसला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

मी त्याला तोंड मिटायला सांगितलं. पण मग एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येक उडीच्या किंचित आधी हा पुटपुटत होता, "आता." माझ्या पायाकडे न बघता. पेडल माझ्या पायाखाली, आणि खबर त्याला.

मी लहानपणी घरातली सगळी घड्याळं खोलून ठेवलेली बाई. मी त्याला सोडते होय? विचारलं, कसं कळतं? त्याला सांगता येईना. इतकी वर्षं तो समजत होता की हे पायालाच कळतं.

मग आम्ही शोधच लावला. त्याला डोळे मिटायला लावले, तरी "आता" बरोबर. माझा स्कार्फ त्याच्या कानांवर गुंडाळला. "आता" जरा उशिरा आलं, पण आलं. मग त्याला सीटवरून कंबर उचलून धरायला सांगितलं. तो चुकला.

"निघायच्या आधी गाडी मागं किंचित बसते," तो सावकाश म्हणाला, जणू स्वतःलाच पहिल्यांदा सांगत होता. "उठायच्या आधी म्हैस अंग सावरते ना, तशी."

"मग तळपाय कशाला हवाय तुला?"

आम्ही जागा बदलल्या. त्यानं पाय पेडलवर ठेवला आणि विचारलं, आहे ना तिथंच? मी वाकून बघितलं. होता. त्यानं दाबलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं.

"मांडीत येतंय," तो म्हणाला. "हे जड आहे ना, ते मांडीपर्यंत ढकलतंय."

ज्या जडपणाला मी मघापासून शिव्या घालत होते, तोच याच्या कामी आला. आमच्या घरच्या साध्या गाडीचं लोण्यासारखं पेडल त्याला मुळीच कळलं नसतं. सोय म्हणून सगळे त्याच्या गळ्यात हलकंफुलकं काहीतरी बांधायला निघाले होते. त्याच्या मांडीला कुणी विचारलं होतं?

पहिल्यांदा गाडी बंद पडली. त्यानं शिवी दिली, मलाही बरं वाटलं. दुसऱ्यांदा तो थांबला, ऐकलं, कंबर सीटला टेकवली, आणि लाल गाडी उडी न मारता निघाली. पार्किंगच्या टोकाशी त्यानं वळवली.

"पाय बघ गं."

टाच जरा सरकली होती. मी वाकून नीट ठेवली. रस्त्यावर जायच्या आधी या टाचेचं काहीतरी करावं लागणार होतं, पेडलला कड लावायची की बूट बदलायचे, ते बघणार होतो. पण ते पुढचं.

फोन वाजला. भावजय. गिऱ्हाईक दारात उभं आहे, ताई, गाडी आणताय ना?

मी त्याच्याकडे बघितलं. तो दुसरा गिअर टाकत होता, मान किंचित कलती करून.

"तो चालवतोय," मी सांगितलं. "गिऱ्हाईकाला घरी जाऊ दे."