दोन बोटं डावीकडे

विभागप्रमुख बाईंनी कॉलेजच्या वर्कशॉपमधले लोखंड कातायचे लेथ भंगारात काढले आणि पोरांच्या डोळ्यांवर आभासी यंत्र दाखवणारे चष्मे चढवले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. चष्म्यातलं यंत्र तेल सांडत नाही, बोट कापत नाही. चुकलंच काही, तर दोन बोटं हवेत डावीकडे फिरवायची, की सगळं मागे जायचं, चूक झालीच नव्हती! अपघात शून्य. हे सांगताना बाई अशा फुलायच्या की विचारू नका.

त्यांची लेक याच वर्गात पहिली आली. सोमवारी तिला कारखान्यात रुजू व्हायचं होतं.

शुक्रवारी सकाळी तिच्या हातून चहाचा कप निसटला. पोरीने पाय मागे घेतलाच नाही. दोन बोटं तेवढी डावीकडे फिरवली.

"अगं, पाय!" बाई ओरडल्या.

"सवय गं आई," म्हणत ती भाजल्या पायावर पाणी ओतत हसली. बाईंना मात्र हसू आलं नाही. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

दुपारी त्यांनी कॉलेजच्या दारात शोभेला ठेवलेल्या एकुलत्या एका लेथला वीज जोडून घेतली.

"एकदा खऱ्या यंत्राला हात लाव. माझ्या जिवाला घोर नको."

"तू पण ना! हजारदा केलंय मी."

वर्ग गंमत बघायला गोळा झाला. लेकीने लोखंडाचा तुकडा लेथच्या जबड्यात धरला, जाडजूड चावीने आवळला. हात सराईत होता. बाईंना जरा हायसं वाटलं. मग तिने खटक्याकडे हात नेला. चावी जबड्यातच होती.

चष्म्यात चावी राहिली तर यंत्र सुरूच होत नसे. गोड आवाजात आठवण करून देई. ही सोय बाईंनीच हट्टाने मागून घेतली होती. चावी काढायची असते, हे कुणाला लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं.

"चावी!" बाई किंचाळल्या. खटका दाबला गेला होता.

जबडा गरगरला, चावी गोळीसारखी सुटली आणि बाई झटकन खाली वाकल्या. मान वर केली, तर अख्खा वर्ग ताठ उभा. एकही जण वाकला नव्हता. सगळ्यांची दोन बोटं हवेत डावीकडे फिरत होती.

लेकीच्या कपाळातून रक्त ओघळून डोळ्यात उतरत होतं. तीही बोटं फिरवत होती. पुन्हा. पुन्हा.

"आई," ती म्हणाली, "मागे जात नाहीये गं."