बनाबाईंची कापडी छाती

मी एक कापडी छाती आहे. हसू नका! तसं मला पहिल्यांदा बघून सगळ्याच बाया तोंडाला पदर लावून हसतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

भोरच्या संजीवनीताईंनी मला शिवलं. माधुरीताई नावाच्या एक नर्स मधुमेहावरच्या संशोधनासाठी वेल्ह्याकडच्या गावांत फिरतात. दर महिन्याला घराजवळ तपासणी झाली, तर बायांची साखर आटोक्यात राहते का, हे त्या अभ्यासात बघायचं होतं. बाया जमतातच, तर छातीतली गाठ ओळखायलाही शिकवावं असं ठरलं. शहरातून आलेल्या गुलाबी रबरी नमुन्याला कुणी हात लावेना. म्हणून गव्हाळ सुती कापड, जुन्या उशीचा कापूस आणि आत गाठींच्या जागी तीन मणी, अशी मी जन्मले.

राजगडाच्या पायथ्याच्या पालीला बनाबाई भेटल्या. गडावर येणाऱ्यांना त्या पिठलं-भाकरी करून वाढायच्या. अभ्यासात नाव होतं, पण साखर काही उतरत नव्हती. त्या दिवशी माधुरीताईंनी मला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"डोळे मिटा आणि मणी शोधा."

भाकरी थापणारी ती बोटं! इतक्या हलक्या हातानं मला कुणी चाचपलं नव्हतं. दोन मणी लगेच सापडले. तिसरा खोल, शिवणीत पक्का केलेला. त्याच्यावर बोटं थांबली.

"ही हलत न्हाई," बनाबाई म्हणाल्या. बाकीच्या बाया गेल्यावर हळूच बोलल्या, "ताई, अशीच एक माझ्यात बी हाय. दिवाळीपासनं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"दुखत न्हाई. मग काय सांगायचं?"

पुण्यात तपासण्या झाल्या. कॅन्सर निघाला. ऑपरेशन ठरलं, पण साखर उतरली नाही तर जखम भरायला त्रास होईल, असं डॉक्टर म्हणाले. हातात तीन आठवडे होते.

माधुरीताई वरचेवर यायच्या. त्यांच्या पिशवीतून मी सगळं बघायची. बनाबाईंचे मालक कुंडलिकराव इन्सुलिन टोचायला शिकले. सुई टोचताना डोळे गच्च मिटून घ्यायचे.

"दुखलं का गं?"

"आदी तुमी डोळं उघडून टोचा, मग सांगते."

चहा दोघांचाही बिनसाखरेचा झाला.

"तुमी कशापायी?"

"तुला एकटीला प्यायला लावू व्हय?"

साखर उतरली. ऑपरेशन झालं. डावी छाती काढावी लागली.

पुढचे उपचार चालू असतानाच बनाबाई बैठकीला आल्या. केस विरळ, डोक्याला रुमाल. गावातली वैष्णवी, नवी सून, लाजून मागं सरकत होती. बनाबाईंनी मला तिच्या हातात दिलं.

"लाजू नगंस बाय. माझी एक गेली, पर मी हाय की हितं."

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. स्वतःच्या अंगाला हात लावायची लाज धरू नका, आणि गाठ लागली तर ती दुखायची वाट बघत बसू नका.

आता माझं कापड झिजलंय. बैठकांसाठी संजीवनीताईंनी दुसरी शिवली. मला टाकून देणार, तेवढ्यात बनाबाई म्हणाल्या, "ही मला द्या." मग त्यांनी माझ्यातले मणी काढले, मला धुऊन उन्हात वाळवलं आणि नवा कापूस भरला.

हल्ली मी बनाबाईंच्या पोलक्यात असते, डाव्या बाजूला. त्या भाकरी थापायला लागल्या की आम्ही दोघी डुलतो. आणि त्या निवांत बसल्या की त्यांचं काळीज मला अगदी जवळून ऐकू येतं.