चिमणीला झालंय काय?

वनस्पतिशास्त्र विभागातल्या सगळ्याच बायका थकलेल्या होत्या. त्यामुळे चिमणी थकेनाशी झाली, ते ताईंच्या चटकन नजरेत भरलं.

चिमणी म्हणजे विभागातली बुटकी, चटपटीत प्राध्यापिका. ताई तिच्याहून बऱ्याच मोठ्या. विद्यार्थ्यांसकट सगळे त्यांना ताईच म्हणत. गेल्या वर्षापर्यंत दोघींची गत एकच होती. तास, प्रात्यक्षिकं, वर समित्या आणि अहवाल. चिमणी बैठकीत बसल्या बसल्या पेंगायची, मुलांवर खेकसायची. आणि आता सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळं दाखवताना स्वतःच "अय्या, बघा तरी!" म्हणून ओरडायची. तास संपला तरी व्हरांड्यात मुलांच्या घोळक्यात हसत उभी.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ताई घरी नवऱ्याला म्हणाल्या.

"खूश असेल बिचारी."

"आमच्या विभागात? खूश व्हायला आहे काय तिथं?"

विभागप्रमुख मॅडम लवकरच निवृत्त होणार होत्या. चिमणी त्यांच्या खोलीत गेली की दार लोटून घ्यायची. ताईंनी ताडलं, खुर्चीचं ठरलेलं दिसतंय! मग त्यांनी पाळतच ठेवली. चिमणीच्या टेबलावर अहवालांचा ढीग तसाच पडलेला असे आणि मॅडम तिला चकार शब्द बोलत नसत. ताईंचा एक तक्ता राहिला तर केवढा तो तमाशा!

त्यातच चिमणी रोज घरी जाताना जड पिशवी नेऊ लागली. एकदा ताईंनी तिला कपाटापाशी गाठलंच.

"पुस्तकं कुठं चाललीत गं, विभागाची?"

"माझीच आहेत, ताई." चिमणीने पहिलं पान उघडून आपलं नाव दाखवलं. मग दाराकडे बघत हळूच म्हणाली, "राजीनामा दिलाय मी. सत्र संपलं की जाणार."

ताई मटकन स्टुलावर बसल्या. "दुसरीकडे लागलीस?"

"कुठे नाही. आधी झोपणार आहे पोटभर."

"आणि बोलली नाहीस एका शब्दाने!"

"मॅडमनीच सांगितलं होतं, कुणाला कळू देऊ नकोस म्हणून. आणि खरं सांगू? कागद दिला त्या दिवसापासून शिकवण्यात परत जीव लागला माझा. आता फक्त वर्गात जाते. बाकीचं कुणी मागितलं तर नाही म्हणते."

"मग नोकरीत राहूनच म्हणायचंस की नाही!"

"मला नाही जमलं. तुम्हाला जमतं?"

चिमणीबद्दल काय काय मनात आणलं होतं ते आठवून त्यांचे कान तापले. पण मॅडमनी हे झाकून का ठेवलं, हा किडा डोक्यातून जाईना.

तो पुढच्याच आठवड्यात बाहेर पडला. मॅडमनी ताईंना बोलावून घेतलं, स्वतः उठून खुर्ची पुढे केली, चहा मागवला. ताई सावध झाल्या.

"तुमच्याइतकं मन लावून काम करणारं आहे कोण इथं?" मॅडम म्हणाल्या. "तुमची चिमणी सोडून चाललीय. तिची प्रात्यक्षिकं आणि परीक्षांचं काम तेवढं घ्या. तात्पुरतंच. वेळापत्रक केलंय मी." कागद तयारच होता. ताईंच्या नावाने, आठवड्याचे सगळे दिवस भरलेले.

"नवीन माणूस?"

"मिळतंय कुठे! वरून मंजुरीच येत नाही."

"मला जमणार नाही, मॅडम."

"काय?"

"नाही जमणार."

"तुम्ही तरी असं बोलाल असं वाटलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. चहा आला, तो संपवून ताई उठल्या.

बाहेर आल्यावर त्यांनी नवऱ्याला फोन लावला. "आज लवकर येतेय."

"का गं? काढलं की काय तुला?" तो खरोखरच घाबरला होता.

चिमणी गेली, आणि पंधरवड्याच्या आत एक तरुण बाई तासिका तत्त्वावर रुजू झाली. मंजुरीही आली, माणूसही मिळालं. ताईंनी तिला प्रयोगशाळा दाखवली, कपाटांच्या किल्ल्या दिल्या. मग आपल्या टेबलापाशी येऊन इतक्या वर्षांत 'तात्पुरती' म्हणून अंगावर घेतलेली कामं एकेक आठवत त्या कितीतरी वेळ बसून राहिल्या.