मापाचे पैसे

बढती मिळाली तर कोटेशनरावांच्या पदरात पडणार होतं ते असं: महिन्याला साडेचार हजार जास्त, खिडकीजवळचं टेबल, दार लावता येईल अशी खोली, आणि ज्या हिशेबनिसाला ते बारा वर्षं ‘साहेब’ म्हणत आले होते, त्याच्याकडून तोच शब्द परत. खर्चाच्या बाजूला एकच बाब होती. एक सूट.

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात ते खरेदी विभागात होते. झाडू घ्या नाहीतर वंगण, तीन दुकानांकडून कोटेशनं मागवायची आणि सगळ्यात स्वस्ताला ऑर्डर द्यायची, हा तिथला नियम. बाकीच्यांनी तो फायलीत ठेवला होता, यांनी रक्तात मुरवला होता. टोपणनाव त्यावरूनच पडलं. घरचे बटाटे आणायलासुद्धा ते तीन गाड्या फिरत. परत येईपर्यंत बायकोनं चौथीवरचे घेऊन उकडायला टाकलेले असत.

खरेदीप्रमुखाच्या जागेसाठी ते याआधी दोनदा मुलाखतीला बसले होते. दोन्ही वेळा त्यांना नापास असं कोणी केलं नाही. ते बोलत होते आणि वेळ संपली, एवढंच. मागच्या वेळी मालकीणबाई म्हणाल्या, ‘कामाबद्दल थोडक्यात सांगा.’ यांनी झाडूंच्या खरेदीपासून सुरुवात केली आणि चाळीस मिनिटांनी दांड्यापर्यंत पोचले. आता ही तिसरी आणि शेवटची खेप. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती. मुलाखतीच्या पत्रात या वेळी खाली एक ओळ होती: पोशाख औपचारिक, सूट असावा. ती वाचून त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आजवर आपण शर्टामुळे मागे राहिलो. जिभेवर त्यांचा संशय कधीच गेला नव्हता. ती बिचारी इमानानं काम करत होती.

“सूट शिवा,” बायको म्हणाली, “पण तिथे जरा कमी बोला.”

“मी कमीच बोलतो,” ते म्हणाले, आणि ते कसं, हे पाऊण तास समजावून सांगितलं.

बायको एका वाचनालयात कामाला होती. दिवसभर शांतता कमवायची आणि संध्याकाळी घरी आणून खर्च करायची, असा तिचा पंधरा वर्षांचा संसार.

सुटासाठी त्यांनी साडेपाच हजार मंजूर केले आणि रीतसर तीन कोटेशनं काढली. पहिलं टपाल कचेरीसमोरच्या म्हाताऱ्या शिंपी मास्तरांचं. दुकान एवढंसं, दरफलक नाही, काचेमागे लाकडी धडावर एकच कोट. मास्तरांनी काही न विचारता वीस मिनिटं मापं घेतली. उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरलेला आहे हे त्यांनी यांना सांगितलं नाही, नुसतं लिहून घेतलं.

“सव्वातीन मीटर कापड लागेल, ते तुम्ही आणा,” मास्तर म्हणाले. “शिलाई सात हजार. दोनदा घालून बघायला यावं लागेल. वीस दिवस.”

“काही कमी-जास्त?”

“कमी नाही. जास्त द्यायचे असतील तर बघू.”

दुसरं कोटेशन मोठ्या रस्त्यावरच्या तयार कपड्यांच्या दुकानाचं. नऊ हजार. तिथल्या कोटाच्या बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत येत होत्या. “हल्ली अशाच घालतात, सर,” विक्रेता म्हणाला. त्याच्या स्वतःच्या बाह्या मनगटावरच थांबल्या होत्या, पण तो बहुधा जुन्या वळणाचा असावा.

तिसरं ‘झटपट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिंप्याचं. लाँड्रीच्या बाजूला जिन्याखाली एक मशीन, एक स्टूल आणि तो. “अस्तर-बटणासकट अठराशे. चार दिवसांत,” झटपट म्हणाला. “माप आणलंय?”

“म्हणजे?”

“घरातल्या जुन्या कोटाचं नाहीतर कागदावर लिहिलेलं. मी घ्यायचं तर दोनशे वेगळे. आणि कापड पावणेतीन मीटरच आणा. मी आत माया ठेवत नाही. उगाच गिऱ्हाइकाचं कापड शिवणीत गाडून काय उपयोग?”

माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, पुढेमागे कपडा सैल करायचा झाला तर उपयोगी पडणारं. कोटेशनरावांना हा माणूस एकदम पटला. अर्धा मीटर वाचला म्हणजे सहाशे वाचले. उरले मापाचे दोनशे. आणि माप तर एकानं फुकटात घेऊन ठेवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मास्तरांकडे गेले. “जरा मापं लिहून देता? घरी दाखवायचीत.”

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. “बायकोला तुमचं माप माहीत नाही?”

“तिला कागदावर लागतं सगळं.”

मास्तरांनी कागद लिहून दिला. कोटेशनरावांनी तो खिशात घातला आणि सरळ जिन्याखाली नेऊन पोचवला. तेहतीसशेचं कापड, अठराशेची शिलाई, एकूण एक्कावन्नशे. मंजुरीपेक्षा चारशे कमी. त्या दिवशी त्यांना स्वतःचा जो अभिमान वाटला, तो कारखान्यानं कधी वाटू दिला नव्हता.

मुलाखत सोमवारी होती. सूट शुक्रवारी मिळाला. शनिवारी सकाळी आरशासमोर घातला तेव्हा बायको वर्तमानपत्र खाली ठेवून बघतच राहिली. शिवण सरळ, कॉलर नीट, खांदे जिथल्या तिथे. बटणंही लागली, म्हणजे पोट आत घेतल्यावर लागली.

“छान दिसताय की.”

“अगं, पण…” एवढं बोलून ते थांबले. पुढच्या शब्दाला लागणारी हवा छातीत जात नव्हती.

ते झटपटकडे गेले. त्यानं शांतपणे कागद पुढे केला. “इथे छाती अडतीस लिहिलीय. ही टेप घ्या आणि कोट मोजा. अडतीस. एक सूत कमी निघालं तर पैसे परत.”

त्यांनी मोजला. दोनदा मोजला. अडतीसच होता.

मग पिशवीत कोट घालून, नाक मुठीत धरून मास्तरांकडे. मास्तरांनी अस्तर उलटून पाहिलं, शिवणीवरून अंगठा फिरवला. “आकडे माझे आहेत. टाका माझा नाही.”

“थोडा सैल होईल का?”

“आत कापडच नाही, सोडवू काय? साहेब, मी लिहितो ते अंगाचं माप. बसायला, हात उचलायला, श्वास घ्यायला जी ढील लागते, ती मी कापताना देतो. कुणाला दोन बोटं, कुणाला चार. ज्याचा जसा स्वभाव.”

“मग ती कागदावर का नाही लिहीत?”

“कागद बाहेर जातात ना.”

कोटेशनरावांनी घरी येऊन या धंद्यात काहीच प्रमाणित नसल्याबद्दल बायकोला दीड तास सांगितलं. तेव्हा अंगात सदरा होता. नवीन सुटाला पैसे नव्हते, दिवसही नव्हते. सोमवारी ते त्याच सुटात गेले.

टेबलापलीकडे तिघं होती: मालकीणबाई, हिशेबनीस आणि बाहेरून बोलावलेले एक सल्लागार. हिशेबनिसानं सवयीनं घड्याळ काढून समोर ठेवलं.

“सुरुवात करा,” मालकीणबाई म्हणाल्या. “थोडक्यात.”

कोटेशनरावांनी झाडूंसाठी श्वास घ्यायला सुरुवात केली. मधल्या बटणानं हरकत घेतली. त्यांनी झाडू सोडून दिले. “बारा वर्षं. खरेदी.”

हिशेबनिसानं मान वर केली.

“गेल्या वर्षी किती वाचवलेत?” सल्लागारांनी विचारलं.

“चार लाख.”

“कसे?”

“विचारून.”

सल्लागारांनी काहीतरी लिहिलं. “आणि पुरवठादारानं माल उशिरा दिला तर?”

इथे त्यांच्याजवळ अकरा उदाहरणं तयार होती. त्यातलं पहिलंच वंगणाच्या पिंपाचं, अर्ध्या तासाचं. “दुसरा,” ते म्हणाले.

“तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?”

एकोणीस प्रश्न लिहिलेला कागद कोटाच्या आतल्या खिशात होता. हात तिथवर वळत नव्हता. “नाही.”

बारा मिनिटांत ते बाहेर आले. हिशेबनीस घड्याळ कानाला लावून ते चालू आहे का ते बघत होता. “माणूस पार बदललाय,” मालकीणबाई म्हणाल्या. “किती वजनदार बोलतो.” सल्लागारांनी मान हलवली. फालतू शब्द न बोलणारा माणूस फालतू खर्च करणार नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. असल्या म्हणण्याचेच ते पैसे घेत.

आठवड्यानं पत्र आलं. बढती मिळाली. कोटेशनरावांनी यातून जो धडा घेतला तो सदऱ्यात बसून सगळ्या नातेवाइकांना ऐकवला: तीन कोटेशनं काढा, स्वस्तातलं घ्या, माणूस सुटानं ओळखला जातो.

फक्त आता तो सूट रोज घालावा लागत होता. पहिला पगार झाल्यावर त्यांनी विषय काढला. “म्हटलं, मास्तरांकडून एक जरा सैलसर…”

बायकोनं पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं, “शिलाई सातच हजार ना?”

ते बोटांवर बेरीज करू लागले. मग तीच पुढे म्हणाली, “आणि माझं ऐकाल तर थांबा. मालकीणबाईंनी नेमलाय तो ह्या सुटातला माणूस. दुसऱ्या सुटातला कसा निघेल, कोणी सांगावं? परीक्षेचा काळ सहा महिन्यांचा आहे म्हणता. तोवर कशाला जोखीम?”

हिशेबाला ते बरोबर होतं. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी ते घरी आले की ती दारातच म्हणायची, “आधी चहा घ्या, कपडे मग बदला.” चहाला पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता दीड तास लागू लागला. ते खुर्चीत ताठ बसून ‘हं’ म्हणायचे. ती त्या दीड तासात कादंबरीची तीस पानं वाचायची.

महिनाभरानं, पगाराच्या दिवशी, ती वाचनालयातून परस्पर टपाल कचेरीसमोरच्या दुकानात गेली. स्वतःच्या पर्समधून दोनशे काढून तिनं टेबलावर ठेवले.

“कसले हे, बाई?” मास्तरांनी विचारलं.

“आमच्या यांच्या मापाचे. राहिले होते.”

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. “ते तर म्हणत होते, चुकलं म्हणून.”

“कुठे चुकलं? अगदी बरोबर आहे.”

मास्तरांनी पावती फाडली. तिनं ती घडी करून कादंबरीत खुणेला ठेवली.

तेव्हा जमाखर्च एवढाच झाला. कोटेशनरावांनी एक्कावन्नशे दिले आणि श्वास दिला. हिशेबनिसानं ‘साहेब’ हा शब्द दिला, तोही दात-ओठ खाऊन. झटपट एका पैचं देणं लागत नव्हता, त्यानं ते दिलंही नाही. मापाचे दोनशे बायकोनं दिले. त्यासाठी तिनं दुसरं कोटेशन मागवलं नाही आणि मास्तरांशी घासाघीसही केली नाही.